सुरावलची राय

लादिनाचे गुडघे गेले तेव्हा तिने गाई विकल्या. डोंगरउतारावरचे नवऱ्याचे बांध, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची शेतं, ओस पडले, त्यांत काटेरी झुडपं माजली. त्याच वर्षी बेकरीवाला कुर्दीन म्हणाला, "काकू, मी खाली कूर शहरात जातो. कारखान्यात पाव भाजायची नोकरी मिळतेय. इथं माझ्या पावाला गिऱ्हाईक कुठंय?"

"खालचंच पीठ आणून खालच्यासारखाच पाव भाजतोस. मग लोक खालीच जाऊन घेतात," लादिना म्हणाली. "मी वर राय पिकवली तर राहशील?"

कुर्दीन हसला. "तुम्ही पिकवा, मी भाजतो."

राय म्हणजे गव्हाची काटक बहीण. आल्प्समधल्या सुरावल गावाच्या या उतारांवर पूर्वी तीच डोलायची, पण ते पाहिलेली माणसं आता थोडीच उरली होती. पलीकडच्या खोऱ्यातल्या एका म्हाताऱ्याकडून लादिनाने जुनं बियाणं आणलं, गाईंच्या पैशांत मजूर लावून रान साफ करून नांगरून घेतलं आणि पानगळीच्या सुरुवातीला पेरलं.

तिचा दीर तुमाश बांधावर टेकून बघत होता. "वहिनी, हरणांना जेवायला बोलावताय, तर निमंत्रणपत्रिका तरी छापा."

आणि हरणं आलीच. बर्फ वितळून कोवळी पाती वर आली, तशी एका आठवड्यात सगळं रान चरून बोडकं केलं. लादिना बांधावर बसून रडली.

"नांगरून टाका आता," तुमाश म्हणाला. या वेळी त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

"नांगर धरायला गुडघे कुणाचे आणू? आणि मजुरीला पैसे कुठले? राहू दे तसंच."

ते तसंच राहिलं, म्हणूनच वाचलं. पाऊस पडला आणि एकेका बुडख्याला जिथे एक काडी होती तिथे चार-पाच फुटल्या. एका सकाळी लादिना वर गेली, तर बांधांभोवती नवं कुंपण उभं होतं. तुमाश शेवटचा खांब ठोकत होता.

"माझ्याकडे तार उरली होती," तो मान वर न करता म्हणाला.

"एवढी?"

"बरीच उरली होती."

श्रावणसरी असाव्यात तशा हलक्या पावसात राय माणसाच्या खांद्याला लागली. कापणीचं मोठं यंत्र त्या अरुंद बांधांवर चढेना. मग अर्धं गाव विळे आणि हातयंत्रं घेऊन वर आलं. लादिनाला वाकता येत नव्हतं. ती पेंढ्या बांधत राहिली आणि कोण कुठली ओळ सोडतंय ते ओरडून सांगत राहिली.

कुर्दीनची पहिली खेप दगडासारखी झाली. "यानं भिंत बांधता येईल," तुमाश म्हणाला. कुर्दीनने आंबवण बदललं, भट्टी बदलली, झोप सोडली. तिसऱ्या खेपेला काळसर, आंबूस वासाचा, कडक कवचाचा पाव निघाला. नाताळापर्यंत खालच्या गावांतले लोक तो घ्यायला घाट चढून येऊ लागले. कूरच्या नोकरीचं नाव कुर्दीनने पुन्हा काढलं नाही. उलट हाताखाली शेजारच्या उर्सिनाला कामाला घेतलं.

"वहिनी," तुमाश एके दिवशी म्हणाला, "माझे दोन बांध रिकामे आहेत. बियाणं उरलंय का?"

"उरवलंय. मागायला कधी येतोस, तेवढंच बघत होते."

पुढच्या उन्हाळ्यात सुरावलच्या सगळ्या उतारावर राय उभी होती. लादिना रोज सकाळी बेकरीच्या रांगेत उभी राहायची. कुर्दीन म्हणायचा, "काकू, तुम्ही कशाला रांगेत? आत या."

"उभी राहू दे रे," ती म्हणायची. पुढे उभे असलेले परगावचे लोक एकमेकांना सांगत असायचे की सुरावलसारखा पाव कुठेच मिळत नाही, आणि तिला ते सगळं ऐकायचं असायचं.