हवेत हात

कॉलेजने मला एका दिवसासाठी बोलावलं होतं. समावेशकता दिन म्हणे. मी दुभाषी, ऐकू न येणाऱ्यांसाठी बोलणं खुणांत आणते आणि त्यांच्या खुणा बोलण्यात. अख्ख्या कॉलेजात ऐकू न येणारी मुलगी एकच, रसायनशास्त्र शिकणारी. तिचं खुणेतलं नाव गालावर बोट टेकवून सांगतात, म्हणून मी तिला खळी म्हणते. एका दिवसाचा एवढा गाजावाजा, आणि वर्षभर वर्गात दुभाषी नाही. दाखवायचे दात वेगळे, दुसरं काय!

कार्यक्रमाआधी खळीने मला जिन्याखाली गाठलं. दुसऱ्या दिवशी तिची तोंडी परीक्षा होती. मागच्या खेपेला ती तोंडीतच नापास झाली होती, कारण परीक्षक काय विचारतायत तेच तिला कळलं नव्हतं. यंदाही गेली तर बाबा तिला कायमचं घरी नेणार होते.

"उद्या येशील?" तिने खुणेने विचारलं.

"येईन. पण प्राचार्यांनी मला आत सोडायला हवं."

"मग आज सगळ्यांसमोरच विचारते."

हे हात दाखवून अवलक्षण होतं. तरी मी तिला अडवलं नाही. मलाही बघायचं होतं, हे लोक काय म्हणतात ते.

सभागृह भरलं. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने आधीच सगळ्यांना शिकवून ठेवलं, की आज टाळ्या वाजवायच्या नाहीत. दोन्ही हात वर करून हवेत हलवायचे, बहिऱ्यांच्या टाळ्या अशाच असतात. लोकांना गंमत वाटली. प्राचार्य म्हणाले, "आमच्या कॉलेजात कुणीच मागे राहत नाही." हात हलले. मी ते जसंच्या तसं खळीला सांगितलं. आमच्या कामात पदरचं काही घालायचं नसतं, नाहीतर घातलं असतं.

मग खळीला मंचावर बोलावलं. तिच्या खुणा आवाजात आणताना मी 'ती' म्हणत नाही, 'मी' म्हणते. तशीच रीत आहे. माईकवर मी म्हणाले, "उद्या माझी तोंडी परीक्षा आहे. परीक्षकांचं बोलणं मला कळत नाही. मागच्या वेळी मी त्यामुळेच नापास झाले. या बाईंना उद्या माझ्यासोबत आत सोडाल का?"

सगळ्या सभागृहाने हात वर केले. पुढच्या रांगेतले तर उभे राहून हलवत होते. खळी हसली. तिला वाटलं, होकार मिळाला. प्राचार्य माईकशी आले, "किती धीट मुलगी!" म्हणाले आणि त्यांनी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. तेही मलाच तिला सांगावं लागलं. इतका राग मला माझ्या कामाचा कधी आला नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर मी प्राचार्यांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "बाई, परीक्षेत बाहेरचं माणूस कसं चालेल? तुम्हीच उत्तरं सांगितलीत तर? नियम सगळ्यांना सारखा."

दुसऱ्या दिवशी मी तरीही गेले. दाराला काच होती, तिच्यातून बघत उभी राहिले. परीक्षकांच्या मिशा अशा दाट, की ओठ दिसायची सोय नव्हती. खळीने कागद आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी मान हलवून परत सरकवलं आणि स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं. तोंडी म्हणजे तोंडी. ते बोलत राहिले, ती बघत राहिली. शेवटी त्यांनी गुणपत्रिकेवर काहीतरी लिहिलं. काल तेही सभागृहात होते; मग ते आठवून, अगदी मनापासून हसत, त्यांनी दोन्ही हात वर करून हलवले. माणूस वाईट नव्हता, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

फाटकाशी तिचे बाबा उभे होते. त्यांना खुणा येत नाहीत. लेकीशी कामापुरतं बोलतात, तेही बोट दाखवून.

"कशी झाली परीक्षा? विचारा तिला," ते मला म्हणाले.

मी विचारलं. खळीने माझ्याकडे न बघता बाबांकडे बघत हात हलवले, दोनच खुणा. पदरचं काही घालायचं नसतं. मी म्हणाले, "बाबा, मला घरी न्या."