परत न गेलेले डबे

पुण्यात कशाचंही संग्रहालय निघू शकतं. एखादी वस्तू टाकून द्यायचा कंटाळा माणसाने पुरेशी वर्षं चिकाटीने केला, की लोक त्याला संग्राहक म्हणू लागतात. माझी बायको नाजिमा हिने अशा जागा फोनवर शोधून ठेवल्या आहेत, आणि दर रविवारी आम्ही एक बघतो. क्रिकेटच्या बॅटा झाल्या, छोट्या आगगाड्या झाल्या, अडकित्ते झाले. जानेवारीतल्या एका रविवारी कसबा पेठेतल्या 'परत न गेलेल्या डब्यांच्या संग्रहालया'ची पाळी आली.

सोबत अम्मी आणि फुफी होत्या. अम्मी म्हणजे माझी आई रझिया, आणि फुफी म्हणजे माझ्या दिवंगत अब्बांची धाकटी बहीण रुकसाना. दोघी वारज्यात समोरासमोरच्या इमारतींत राहतात, एकमेकींशिवाय कुठे जात नाहीत आणि एकत्र गेल्या की भांडतात. घरात आम्ही दखनी बोलतो, पण टोमणा मारायचा असला की दोघी मराठीवर येतात. अर्धं आयुष्य कसब्यात काढल्यावर दुसऱ्या भाषेत तेवढं बोचत नाही.

भांडणाचं कारणही योगायोगाने डबाच. कसब्यातलं बिऱ्हाड हलवून आम्ही वारज्याला गेलो तेव्हा अम्मीच्या स्वयंपाकघराची बांधाबांध फुफीने केली होती. वारज्यात पोती उघडली तेव्हा सगळं निघालं, फक्त नानीने लग्नात दिलेला कडीचा स्टीलचा डबा निघाला नाही. अम्मीने चौकशी, सुनावणी आणि निकाल एका दुपारीत उरकला. तेव्हापासून दर ईदला पाहुणे जमले, की शीरखुर्मा वाढता वाढता ती म्हणते, "माझ्या डब्यात असता तर घट्ट राहिला असता. पण तो रुकसानाकडे आहे." फुफी दर ईदला म्हणते, "भाबी, मी नेला नाही." पाहुणे दर ईदला खाली बघून बदाम शोधतात. अब्बा गेले तेव्हा भेटायला आलेल्या बायकांनाही अम्मीने डब्याचं सांगितलं होतं. फुफीला ते फार लागलं. "मरायच्या आधी एकदा तरी भाबीने म्हणावं, की रुकसाना चोर नाही," असं तिने नाजिमाला सांगून ठेवलं आहे.

मंडईच्या वाहनतळात गाडी लावून आम्ही चालत निघालो. अम्मीने वाटेत दोन फळवाल्यांना, अब्बांच्या काळात संत्री कशी असायची ते सांगितलं. ते दोघेही त्या काळात जन्मले नव्हते.

संग्रहालय एका घराच्या पुढच्या दोन खोल्यांत होतं. दारावर पाटी होती: 'डब्यांना हात लावू नये. स्वतःचा असला तरी.' दारातच मालक, बापूराव, उभे होते. स्वच्छ पांढरा सदरा, आणि आम्ही उशिरा आल्याचा भाव. आम्ही वेळेवर आलो होतो.

"चपला बाहेर. शंका शेवटी," ते म्हणाले.

आत भिंतभर फडताळं होती आणि त्यांत नुसते डबे. पितळी, जर्मनचे, स्टीलचे, एक पेढेघाटी आणि कोणाचा तरी चार पुडांचा टिफिन. प्रत्येकावर मालकाचं नाव घातलेलं. भांड्यांच्या दुकानात डबा घेतला की त्यावर टकटक करून नाव घालून घ्यायचं, ही आपली पद्धत. त्यामुळे वस्तू हरवत नाही असं आपण समजतो.

"लोकांचा समज आहे, डबे चोरीला जातात," बापूरावांनी सुरुवात केली. "साफ चूक. ते शेजारी जातात, काहीतरी घेऊन. रिकामा डबा परत द्यायचा नाही ही आपली रीत. मग बदल्यात काय भरून द्यावं याचा विचार सुरू होतो. त्या विचारात पिढी जाते. घर आवरताना लोक मला आणून देतात."

"आणि इथे कोणी आपला डबा ओळखला तर?" नाजिमाने विचारलं.

"शंका शेवटी म्हटलं होतं. पण सांगतो. ओळखला तर न्यायचा. त्यासाठीच हे उघडलंय. फक्त रिकामा न्यायचा नाही, आमची ही भरून देते."

"आजवर किती जणांनी नेला?"

"एकानेही नाही. येतात, आपला डबा बघतात, मग शेजाऱ्याचा आपल्याकडे राहिलेला आठवतो आणि गप्प निघून जातात."

तेवढ्यात फुफी मधल्या फडताळापाशी थांबली. फुफी बोलत नाही हे लक्षात आल्यावर आम्ही सगळेच तिकडे वळलो.

कडीचा स्टीलचा डबा. बुडाशी एक पोचा. झाकणावर नाव: सौ. रझिया युसूफ बागवान. नाव घालणाऱ्याने ते 'सौ.' हाताच्या सवयीने घातलं होतं, त्यावर नानी हसत असे.

"भाबी," फुफी हळूच म्हणाली, "जरा इकडे या."

अम्मी आली. तिने डबा पाहिला. मग छताकडे पाहिलं.

"कोणाचा आहे?" ती म्हणाली.

"नाव वाचा ना."

"पुण्यात काय एकच रझिया आहे?"

"रझिया युसूफ बागवान."

"मंडईत खडा टाकला तर बागवानाला लागतो. त्यातले निम्मे युसूफ. त्यांना बायका नसतील का?"

"आणि सौ.?"

"त्यांच्याही असेल तोच नाव घालणारा."

"आणि हा पोचा? आफताबने जिन्यावरून सोडला होता तेव्हाचा." फुफी माझ्याकडे वळली. "आफताब, तू सांग."

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. "पोच्यासारखा पोचा आहे," मी म्हणालो. नाजिमाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचा हिशेब घरी गेल्यावर होणार हे मला कळलं.

बापूरावांना वादात रस नव्हता, माहितीत होता. "हा आनंदीबाईंकडून आला. मागच्याच गल्लीतल्या. आता मुलाकडे नागपूरला असतात."

अम्मीने डोळे मिटले. कसब्यातल्या घरात आनंदीबाई आमच्या वर राहायच्या. अम्मीची आणि त्यांची दुपार एकाच जिन्यावर जायची.

बोलणं ऐकून आतून बापूरावांच्या पत्नी, द्वारकाबाई, पदराला हात पुसत आल्या. "आनंदी मला सांगून गेली ना," त्या म्हणाल्या. "ईदला शीरखुर्मा आला होता यातून. तिला दिवाळीचा फराळ भरून परत द्यायचा होता. पण त्या दिवाळीत तिच्याकडे सुतक, फराळच केला नाही. पुढच्या दिवाळीपर्यंत ही माणसं वारज्याला गेलेली. पत्ता नाही. आणि असता तरी रिकामा पाठवणार कसा? जाताना मला म्हणाली, रझिया काय म्हणत असेल मला."

"आनंदीबाईंना नाही म्हणाल्या भाबी," फुफी म्हणाली. "मला म्हणाल्या. वीस वर्षं."

फुफीने रडायला हवं होतं. पण तीही कसब्यातच वाढली होती. तिने पर्स काखेत घट्ट केली आणि बापूरावांना विचारलं, "रविवारी उघडं असतं ना?"

"सोमवार सोडून रोज."

"छान. भाबी म्हणतात त्यांचा नाही, तर नसेल. राहू दे इथेच. पुढच्या रविवारी मी मोठ्या आपांना आणते. मग कोंढव्याची मंडळी. मग सोलापूरहून येणारे. ईदला ज्यांनी ज्यांनी ऐकलंय, त्या सगळ्यांना दाखवते. माणशी तिकीट आहे का?"

"विनामूल्य आहे," बापूराव म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. एवढं खानदान त्यांच्या संग्रहालयात कधी आलं नव्हतं.

अम्मी अडकली. डबा घ्यावा, तर वीस वर्षांचा निकाल चुकला हे कबूल. ठेवावा, तर तीच चूक फडताळात, नावासकट, सोमवार सोडून रोज. ती डब्याभोवती एक फेरी मारून आली. तिने पोच्यावर अंगठा फिरवला. बापूरावांनी पाटीकडे बोट दाखवलं. तिने अंगठा काढला नाही.

"तेव्हाचं स्टील चांगलं असायचं," ती शेवटी म्हणाली. "द्या."

"तुमचाच ना?" बापूरावांनी रीतसर विचारलं.

अम्मी फुफीकडे न बघता म्हणाली, "माझाच. आनंदीकडेच गेला होता. मीच दिला होता."

द्वारकाबाई डबा आत घेऊन गेल्या आणि भरून आणला. "संक्रांतीच्या तिळाच्या वड्या आहेत," त्या म्हणाल्या. "बोलायचं काय ते तुमचं तुम्ही ठरवा."

गाडीपाशी आल्यावर अम्मीने डबा फुफीच्या हातात ठेवला.

"हे काय?" फुफी म्हणाली.

"तू ने."

"मला कशाला? वीस वर्षं तुम्ही त्याच्यासाठी..."

"वीस वर्षं सांगतेय, रुकसानाकडे आहे. आता असू दे तुझ्याकडे. या वयात मला खोटं पाडू नकोस."

फुफीने डब्याकडे पाहिलं, अम्मीकडे पाहिलं. मला वाटलं, आता भडका उडणार. तिने झाकण उघडलं, एक वडी काढली आणि अम्मीच्या तोंडासमोर धरली.

"आधी म्हणा."

"काय?"

"तुम्हाला माहितेय."

अम्मीने वाहनतळात इकडेतिकडे पाहिलं. ओळखीचं कोणी नव्हतं. "रुकसाना चोर नाही," ती म्हणाली. मग वडी तोंडात घेऊन पुढे, "पण बांधाबांध तुझी ढिसाळच होती."

"ती होती," फुफी म्हणाली.

मार्चमध्ये ईद झाली. घरात पाहुणे मावत नव्हते. अम्मीने सवयीप्रमाणे वाटी पुढे करत सुरू केलं, "माझा डबा रुकसानाकडे आहे..." पाहुण्यांनी माना खाली घातल्या.

"आहे ना," दारातून फुफी म्हणाली. तिच्या हातात डबा होता, शीरखुर्म्याने काठोकाठ भरलेला. "रिकामा कसा आणणार?"

शीरखुर्मा खरंच घट्ट होता. अम्मीने दोनदा घेतला आणि त्यावर काही बोलली नाही. आमच्या घरात याहून मोठी दाद नाही.

डबा तेव्हापासून आमच्या ओट्यावर आहे. बदल्यात काय भरून द्यावं, याचा अम्मी विचार करते आहे. मध्यंतरी मी बापूरावांना सहज फोन केला. मधल्या फडताळातली ती जागा त्यांनी अजून दुसऱ्या कोणाला दिलेली नाही.