विशेष व्यवस्थेची गरज उरलेली नाही

शाळेत कोण काय लपवतं हे हेडक्लार्कला सगळ्यांत आधी कळतं, कारण त्याच्याकडे कोणी माणूस म्हणून बघत नाही. कपाट, पंखा, घड्याळ आणि हेडक्लार्क. माझ्या खिडकीतून पाचवीचा वर्ग सरळ दिसतो, मधे फक्त अंगण. सतरा वर्षं मी त्या वर्गाची हजेरी मांडतोय. तेवढ्यात बाकीच्याही थोड्या नोंदी आपोआप होतात.

पाचवीच्या बाईंना ऐकू येत नाही, हे माझ्या लक्षात आलं ते घंटेमुळे. शिपाई घंटा द्यायचा आणि बाई शिकवतच राहायच्या. मुलं दप्तरं आवरायला लागली की त्यांचे चेहरे बघून थांबायच्या. एकदा झालं तर रंगात आल्या म्हणू. आठवड्यात पाच वेळा झालं की मी नोंद घेतो. शिवाय त्यांचं ते हसू. स्टाफरूममध्ये कोणी पाठीमागून काही बोललं की बाई वळून गोड हसायच्या आणि म्हणायच्या, "हो हो, अगदी." गणिताच्या सरांनी सासूबाई गेल्याचं सांगितलं, त्यांनाही "हो हो, अगदी" मिळालं. सर उलट खूश झाले. इतक्या वर्षांत त्यांच्या मनातलं पहिल्यांदाच कोणी ओळखलं होतं.

कान गेल्याचं कळलं असतं तर बाईंना वर्गावरून काढून भांडारात बसवलं असतं, नकाशे आणि खडूचे खोके मोजायला. घरी बोलायला कोणी नव्हतं. एक बहीण होती ती फोनवरची, आणि फोन आता काही कामाचा राहिला नव्हता. तेव्हा वर्ग गेला की सगळंच गेलं, असा हिशोब होता.

त्याच वर्षी वर्गात रेडिओ आली.

रेडिओ हे मुलांनी ठेवलेलं नाव. मुलीला जन्मापासून जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं, पण बोलायची मात्र अखंड, एकाच पट्टीत, मधेमधे खरखरीसकट. नावं ठेवण्यात मुलांचा हात कोणी धरू शकत नाही. तिची आई गाद्यांच्या कारखान्यात कापूस भरायची. नाकातोंडावर फडकं बांधलेलं, केसांत पांढरे तंतू, तशीच कामावरून यायची. मुलीशी बोलताना तेवढं फडकं हनुवटीखाली ओढायची, कारण मुलगी ओठ वाचायची.

"हिला ती लांबची वसतिगृहाची शाळा नको हो," ती प्रवेशाच्या दिवशी मुख्याध्यापिकेला म्हणाली. आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणतो. "वर्षातून दोनदा भेटायला देतात तिथे. मला विसरून जाईल ती."

"बघू," मोठ्या बाई म्हणाल्या. "वर्ग झेपला तर ठेवू. नाही झेपला तर माझा नाइलाज."

मग पाचवीच्या वर्गात सुतारकाम सुरू झाल्यासारखा आवाज दोन दिवस येत होता. बाईंनी बाकांच्या रांगा मोडून त्यांची घोड्याच्या नालेसारखी मांडणी केली, म्हणजे प्रत्येकाचं तोंड प्रत्येकाला दिसेल. ज्याच्या हातात लाल चेंडू, त्यानेच बोलायचं. प्रश्न विचारला की सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहून पाटी वर धरायची. आज काय काय शिकायचं ते फळ्याच्या डाव्या कडेला क्रमाने लिहिलेलं, झालं ते पुसायचं. घंटा झाली की दाराजवळच्या मुलाने दिवा दोनदा लावायचा, विझवायचा. बाईंना काही सांगायचं तर मागून हाक मारायची नाही, समोर यायचं.

"रेडिओसाठी केवढं करतात हो बाई!" सगळी शाळा म्हणायला लागली.

त्यातलं किती रेडिओसाठी आणि किती स्वतःसाठी, याची मी वाटणी करून बघितली होती. जमली नाही. आणि फायदा भलत्यांनाच होत होता. बोलताना अडखळणारा एक मुलगा होता, त्याचं तोंड गेल्या तीन वर्षांत मी उघडलेलं पाहिलं नव्हतं. तो पाटी सगळ्यांच्या आधी वर करू लागला, आणि मग एके दिवशी त्याने चेंडू मागितला. वाचताना ज्यांच्या ओळी सुटायच्या अशा तिघीजणी फळ्याच्या डाव्या कडेची यादी बघून कुठे आलोय ते सांगू लागल्या. पाचवीतली गैरहजेरी अकरावरून तीनवर आली. हे मी कोणाला सांगितलं नाही. क्लार्कने आनंद दाखवला की लोकांना संशय येतो.

एकदा मधल्या सुट्टीत रेडिओ नळापाशी उभी होती आणि बाई वर्गाच्या दारात. मधे सगळं अंगण, दोनशे पोरांचा गोंगाट. रेडिओचे ओठ हलले. आवाज नव्हता; असता तर ती खरखर मी गोंगाटातही ओळखली असती. बाई हसल्या आणि तसंच, बिनआवाजाचं, काहीतरी उत्तर दिलं. मुलगी पोट धरून हसली. म्हणजे तिला माहीत होतं. दहा वर्षांच्या मुलीने जे ओळखलं ते ओळखायला मला घंटा लागली होती.

हिवाळ्यानंतर एका मंडळाने रेडिओला श्रवणयंत्र दिलं. फोटो निघाले, मंडळाचे लोक तिच्या कानापेक्षा कॅमेऱ्याकडे जास्त बघत होते. दुसऱ्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी पाचवीच्या बाईंना ऑफिसात बोलावलं. मी टंकत होतो.

"आता येतंय ना ऐकू तिला? मग तसं लिहून सही द्या आणि ती नाल मोडा. दुसऱ्या तुकडीचे पंचवीस जण तुमच्यात येणार आहेत. रांगांशिवाय मावतील का?"

"तिला नाही येत ऐकू," बाई म्हणाल्या.

"अहो, मी स्वतः मागे उभी राहून टाळी वाजवली. गर्रकन वळली!"

"टाळी येते. शब्द नाही कळत. पंखा, बाकं, टाळी, सगळं एकाच मापाने मोठं होतं. डोकं भणभणतं नुसतं."

"तुम्हाला हो काय माहीत?"

माझी बोटं थांबली. बाईंच्या पिशवीत खालच्या कप्प्यात तसलंच एक यंत्र होतं. एकदा छत्री काढताना ते बाहेर पडलं होतं, आणि मी फक्त छत्री पाहिली असं दाखवलं होतं.

"ती... तीच म्हणाली," बाई म्हणाल्या.

"काहीतरीच! कानाला टोचत असेल म्हणून म्हणते." मोठ्या बाई समजुतीच्या सुरात आल्या. "बरं, तुमचं एवढंच म्हणणं असेल तर कान तपासणाऱ्यांना बोलावते. बसू देत दिवसभर तुमच्या वर्गात, मागच्या बाजूला. तिला काय येतं, वर्गात काय चालतं, सगळं बघतील."

मोठ्या बाईंच्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण बाईंच्या चेहऱ्याचा रंग उतरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या मागच्या कपाटाकडे.

"कुठे करायची सही?"

कागद मीच टंकला. 'श्रवणयंत्रामुळे विद्यार्थिनीस वर्गातील अध्यापन स्पष्ट ऐकू येते. विशेष व्यवस्थेची गरज उरलेली नाही.' मोठ्या बाईंनी 'ऐकू येते' एवढंच सांगितलं होतं. वाक्य लंगडं वाटलं म्हणून 'स्पष्ट' मी घातला. जावक क्रमांक घातला आणि कागद वर गेला.

रांगा लागल्या. त्रेसष्ट मुलं, नऊ रांगा. पाट्या गेल्या, कारण त्रेसष्ट पाट्या एका नजरेत मावत नाहीत. चेंडू दुसऱ्या दिवशी छपरावर गेला तो गेलाच. अडखळणाऱ्याने तोंड मिटलं. मागच्या बाकावरच्यांना पंधरा दिवसांत शोध लागला, की वही तोंडापुढे धरून काहीही बोललं तरी बाई गोड हसून "हो हो, अगदी" म्हणतात. मुलं असा खजिना मोठ्यांना दाखवत नाहीत; आपसांत पुरवून पुरवून वापरतात. "बाई, तुम्ही म्हैस आहात का?" "हो हो, अगदी." खिडकीतून मला ते ऐकू यायचं. मी खिडकी लावून घ्यायचो. त्या दिवसांत बाई ऑफिसात आल्या की मी त्यांच्यासाठी काय ते चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवायचो. तोंडाने कधी विचारलं नाही, त्यांनीही कधी सांगितलं नाही.

रेडिओ पहिल्या बाकावर होती. मागे कोण बोलतंय, काय बोलतंय, बघायला सारखी वळायची आणि वळली म्हणून ओरडा खायची. डोकं दुखलं की यंत्र काढून ठेवायची, मग देणगीची किंमत नाही म्हणून मोठ्या बाईंचा वेगळा ओरडा. हळूहळू तिचं बोलणं बंद झालं. वर्षाअखेरीस सहापैकी चार विषयांत ती नापास होती.

मोठ्या बाईंनी तिच्या आईला बोलावून कागद दाखवला. "हे बघा, वर्गाच्या बाईंचीच सही आहे. स्पष्ट ऐकू येतं म्हणतात. तरी प्रगती नाही, म्हणजे प्रश्न कानाचा नाही, डोक्याचा आहे. तिला तिकडची वसतिगृहाचीच शाळा बरी."

आईने कागद दोनदा वाचला. बोट ठेवून, एकेक शब्द. 'स्पष्ट' या शब्दावर ते बोट थांबलं, असं मला वाटलं. कदाचित मलाच तसं वाटलं असेल.

दाखला न्यायला ती कामावरूनच आली, फडकं तोंडावर तसंच. रेडिओ बाहेर पायरीवर बसली होती. दाखल्यावर वर्गशिक्षकाची सही लागते म्हणून मी बाईंना बोलावून घेतलं होतं. शाळा सोडण्याचं कारण, या रकान्यात मी 'पालकांची इच्छा' लिहिलं. मोठ्या बाईंनी तसंच सांगितलं होतं.

बाईंनी सही केली. आईने दाखला घेतला, घडी घातली, पुन्हा उघडली. मग बाईंकडे बघून, फडक्याआडून, हळूच म्हणाली,

"तुम्हाला माहीत होतं ना हो, तिला ऐकू येत नव्हतं ते?"

बाई गोड हसल्या.

"हो हो, अगदी."

आई जागची हलली नाही. मी उठलो, काही बोलणार होतो. काय ते अजून मला सुचलेलं नाही. तोवर ती बाहेर गेली होती.

"काय म्हणाल्या हो त्या?" बाईंनी मला विचारलं. "फडक्यामुळे कळलं नाही नीट."

मी चिठ्ठी ओढली. पेन्सिल घेतली. लिहिलं, 'आभार मानले.'

बाईंनी वाचलं आणि त्यांचे डोळे भरले. "भली बाई आहे," त्या म्हणाल्या. "मी काय केलं तिच्यासाठी?"

चिठ्ठी हातात घेऊन त्या खिडकीशी गेल्या. अंगणापलीकडे फाटकापाशी आई थांबली होती. तिने फडकं हनुवटीखाली ओढलं आणि मुलीला काहीतरी सांगितलं. थोडंसंच, पण पुन्हा एकदा सांगितलं. रेडिओ वळली. तिने आमची खिडकी शोधली, आणि आधी कधी नळापाशी उभी राहून बोलली होती तसे तिचे ओठ हलले. चार-पाच शब्द असतील. मला ओठ वाचता येत नाहीत. त्याची गरज पडली नाही, कारण मी बाईंचा चेहरा बघत होतो.

मायलेकी गेल्या. बाईंनी हातातली चिठ्ठी पुन्हा वाचली. मग माझ्याकडे बघितलं. कपाटाकडे नाही, माझ्याकडे, माणसाकडे बघावं तसं, पुष्कळ वेळ. चिठ्ठी त्यांनी माझ्या टेबलावर पालथी ठेवली.

शिपायाने घंटा दिली. त्यांना कळावं म्हणून मी हात वर केला, पण तोवर त्यांनी पाठ फिरवली होती.