टायरांची शेकशेगडी

ऑफिसात आनंदला आनंद म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. शर्यतीच्या ट्रॅकवर हौशी लोकांनी गाड्या पळवायच्या मागच्या ट्रॅक-डेला तिसऱ्या वळणावर त्याची गाडी घसरून गवतात गेली आणि अभयने, म्हणजे त्याच्या हाताखाली लागून त्याचाच साहेब झालेल्या माणसाने, तो फोटो ग्रुपवर टाकला. तेव्हापासून अख्ख्या हिंजवडीत तो 'गवत्या' होता. परवा तर नव्या तेजस्विनीने भर मीटिंगमध्ये त्याला "गवत्यासर" म्हटलं, तेही आदराने. तिला ते आडनाव वाटत होतं.

हे नाव पुसायचं म्हणून त्याने टायरवाल्या रज्जाकभाईंकडून शर्यतीचे मऊ टायर घेतले. रज्जाकभाईंनी पथ्यं सांगितली. आधी गाडी बेताने चालवून टायर नीट तापवायचे, मग उतरवून दिवसभर पडू द्यायचे; त्या विश्रांतीत रबर आतून बसतं आणि पकड टिकते. ऊन नको, वारा नको आणि पॉलिश तर अजिबात नको.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऊन येतं, म्हणून तापवलेले चारही टायर पाहुण्यांच्या खोलीत गादीवर आले. बायकोने, भाग्यश्रीने, दारातूनच पाहिलं. "माझ्या बाळंतपणाला तू दुसऱ्या दिवशी उगवला होतास," एवढं म्हणून ती बँकेत निघून गेली.

राहिली मुक्ताई, आनंदची आई. यवतमाळात तिने निम्म्या आळीची बाळंतपणं काढली होती. पुण्यात आल्यापासून हात रिकामे होते. आनंदने निघता निघता तिला बजावलं, की पहिल्यांदाच एवढा ताण पडलाय, आतून नाजूक झालेत, वारा लागू देऊ नकोस, आणि पॉलिश कुणालाही करू देऊ नकोस. मुलगा तिच्या कामातलं, तिला इतकं समजेल असं पहिल्यांदाच बोलला होता. दुपारी त्याने मीटिंगमधून उठून फोन केला.

"निजलेत चांगले," मुक्ताई म्हणाली. त्याला बरं वाटलं.

रविवारी ट्रॅकवर पहिली फेरी त्याने हळू मारली. टायर तापू लागले तसा ओव्याचा वास सुटला. कँटीनमध्ये काहीतरी तळत असतील, असं त्याला वाटलं. दुसऱ्या फेरीला वासात लसूण आला. कठड्याशी उभा असलेला अभय नाक वर करून कुणाच्या घरी बाळ झालंय ते विचारत होता.

तिसऱ्या वळणावर आनंदने स्टिअरिंग फिरवलं. गाडीने ते मनावर घेतलं नाही. ती जागच्या जागी गरगर फिरली, पुन्हा फिरली, आणि आल्या दिशेला तोंड करून भर रस्त्यात थांबली. आनंदने उतरून सगळ्यात आधी गवत पाहिलं. ते चाकापासून वीतभर लांब होतं.

त्याने घरी फोन लावला. "आई, टायरांना काय केलंस?"

मुक्ताईने काहीच लपवलं नाही. कोमट खोबरेल जिरवलं, तेलकट राहू नये म्हणून वरून डाळीचं पीठ चोळलं आणि ओवा-लसणाची धुरी दिली. "तू पॉलिश नको म्हणाला होतास. मी काय पॉलिश केलं का रे बापा?"

आनंदने रज्जाकभाईंची पथ्यं मनात पुन्हा उगाळली. एकही मोडलं नव्हतं.

एवढ्यात ग्रुपवर अभयचा व्हिडिओ आला. खाली तेजस्विनीने काळजीने विचारलं होतं, "भिंगरीसर, लागलं नाही ना?"

आनंदने ते दोनदा वाचलं. गवत्या गेला होता. पगार न वाढता बढती मिळाल्यावर वाटतं तसं काहीसं त्याला वाटलं. पुढच्या महिन्यात पुन्हा ट्रॅक-डे होता, आणि धड टायर घेऊन गेला तर तो पुन्हा गवतातच जाणार आणि पुन्हा गवत्या होणार, हे त्याला स्वतःपासून लपवता येईना. त्याने फोन पुन्हा कानाला लावला.

"आई, पुढच्या खेपेलाही तूच कर."

"करते ना," मुक्ताई म्हणाली. "पण तेल जास्तीचं आण. चौथ्याला जरा कमीच पडलं."