उभी गाडी का तापली

फ्रीगंजकडून रेल्वे फाटकाशी येताना थोडा चढ लागतो. फाटकावर लाल कंदील टांगला की बैलगाडीवाले उतरून चाकामागे दगड लावत, टांगेवाले लगाम ताणून घोड्यांना शिव्या देत. छप्पन सालच्या ऑक्टोबरात मात्र त्या चढावर दुसरीच गर्दी जमू लागली. स्तंभनबाबांची मोटार बघायला.

मोटार विजेवर चालणारी. कुठल्याशा संस्थानाच्या लिलावात मिळालेली, पितळी दिव्यांची, पोटात बॅटऱ्या भरलेली. मागे गादीवर बाबा, पुढे चालवायला शिष्य माणिक. कंदील दिसला की गाडी भर चढावर थांबे. मग माणिक दोन्ही पाय वर घेऊन मांडी घाली, मांडीवर शाल ओढी आणि हात जोडी. ब्रेक साऱ्यांना दिसेल असा मोकळा. इंजिनाची घरघर नाही. तरी गाडी तसूभर मागे येत नसे.

"देख लो भाई," बाबा सांगत, "आवाज बंद, ब्रेक खाली, सामने चढाव. कौन थामे है? लाल बत्ती के आगे सब रुकते हैं, हम रोकते हैं. जो मोटर थाम ले, वो तुम्हारा तबादला नहीं थामेगा?"

या शेवटच्या वाक्यासाठीच लोक येत. एक नोव्हेंबरला मध्य भारत राज्य संपून कचेऱ्या भोपाळला जायच्या होत्या आणि घरोघर बदलीचे हुकूम येऊन पडले होते. हुकूम बाबांच्या लाल पोतडीत टाकायचा आणि वर अर्जविनंती करायची नाही, ही अट. "अर्जी लिखी, तो मर्जी टूटी," असं बाबांनी बजावलं होतं.

भय्यासाहेबांच्या मुलाचा, वसंताचा हुकूमही त्याच पोतडीत होता. भय्यासाहेब तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांची पत्नी अहल्याबाई वर्षभर अंथरुणाला खिळलेली. तिला प्रवास झेपणार नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. घरात असं आजारपण असेल तर बदली रद्द होऊ शकत होती. फक्त अर्जाला मूळ हुकूम जोडून तो गुरुवारी पाचच्या आत कचेरीत पोचायला हवा होता. अर्ज भय्यासाहेबांनी केव्हाच लिहिला होता. हुकूम तेवढा हाती नव्हता.

गुरुवारी चार वाजता ते नात जयूला शाळेतून घेऊन तसेच फाटकावर आले. वसंता गाडीपाशी हात जोडून उभाच होता.

"वसंता, एक तास उरलाय. कागद मागून घे."

"भय्यासाहेब, आज पोतडी उघडली तर सगळं वाया जाईल. तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे."

भय्यासाहेबांनी स्वतः बाबांपुढे हात पसरला. बाबा हसले. "मास्टरसाब, स्कूल छूट गया, अब सवाल भी छोड़ो." गर्दी हसली. वसंताही हसला, आणि ते भय्यासाहेबांना फार लागलं.

कंदील लागला. मालगाडी आली आणि फाटकातच अडून उभी राहिली. हवेत उग्र वास पसरू लागला. "धुनीचा वास," लोक म्हणाले. तेवढ्यात गाडीच्या बैठकीखालच्या पत्र्याला हात लागून जयू मागे सरली.

"आजोबा, चटका बसला. उभी गाडी कशाने तापली?"

भय्यासाहेबांनी वास घेतला. शाळेत एकदा विजेची मोटर जळली होती, तेव्हा हाच वास आला होता. त्यांनी जयूला दप्तर हात लांब करून धरायला सांगितलं. मिनिटाभरात तिचा हात थरथरू लागला.

"दप्तर हललं?"

"नाही."

"मग हात का दुखतो?"

"मी धरून ठेवलंय ना."

"गाडीलाही आतून कोणीतरी धरून ठेवलंय. तोच तापलाय."

ते त्यांनी गर्दीलाही मोठ्याने सांगितलं. कोणी ऐकलं नाही. एका बाईंनी तर त्यांना कोपराने बाजूला केलं.

साडेचार झाले. मालगाडी हलेना. एरवी फाटक दहा मिनिटांत उघडे. आज जुन्या बॅटऱ्या अर्धा तास झुंजत होत्या. गाडीचं नाक किंचित खाली आलं. मग चाकं मागे फिरली.

"ब्रेक मार, गधे, ब्रेक," बाबा ओरडले.

माणिकची मांडी सुटेपर्यंत गाडी चार हात मागे आली, लोक पांगले, आणि एका बैलगाडीवाल्याने पटकन तिच्या चाकामागे सरकवलेल्या दगडावर आपटून ती थांबली. बाबा गादीवरून घसरले. पोतडीतले हुकूम रस्ताभर उडाले.

माणिकच्या मांडीवरची शाल बाजूला झाली होती. खाली एक दांडा पहिल्या खाचेत अडकवलेला होता.

"हे पाहा," भय्यासाहेब शिकवायच्या सवयीने म्हणाले. "दांडा इथे ठेवला की थोडी वीज सुरू राहते. चढ गाडीला मागे ओढतो, मोटर तेवढ्याच जोराने पुढे रेटते. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून गाडी उभी. पेट्रोलची असती तर घरघरली असती. ही मुकी आहे, आणि आवाज नाही म्हणजे बंद, असं आपण धरून चाललो. वीज संपली, गाडी घसरली."

वसंताला हुकूम सापडला तेव्हा पाचाला दहा मिनिटं होती. कचेरी रुळांपलीकडे. तो डब्यांखालून जायला वाकला. भय्यासाहेबांनी त्याचा सदरा घट्ट पकडला. "पाय देऊन कागद वाचवणार आहेस?"

बापलेक कंदिलाकडे बघत उभे राहिले. मागे कोणी म्हणत होतं, "मास्टर की नजर लग गई." फाटक उघडलं तेव्हा पाच वाजून गेले होते. कारकुनाने अर्ज हातातही घेतला नाही. "कल आते तो हो जाता, बाबूजी."

एक तारखेला वसंताचं बिऱ्हाड भोपाळला निघालं. अहल्याबाई आणि भय्यासाहेब मागे राहिले. स्टेशनवर वसंता भय्यासाहेबांच्या पायांशी वाकला आणि बराच वेळ उठलाच नाही. देवास गेटपाशी बाबांची गाडी नव्या बॅटऱ्या घालून पुन्हा उभी राहते, हे त्याला कोणी सांगितलं नाही.

जयूने खिडकीतून विचारलं, "आजोबा, आपल्याला कळलं होतं ना? मग उपयोग का नाही झाला?"

"उशिरा कळलं, बाळ. तो पत्रा महिनाभर सगळ्यांसमोर तापत होता. शेकडो माणसांनी हात जोडले, लावला तो तू एकटीने, आणि तोही चुकून. नव्या शाळेत कोणी काही अद्भुत दाखवलं, तर हात जोडायच्या आधी हात लावून बघ. आणि चटका बसला तर सगळ्यांना सांग. हसले तरी सांग."

शिट्टी झाली. सिग्नलचा लाल दिवा हिरवा झाला, आणि गाडी हलली.