काचेखालचं ऊन

हेरंब पेठे संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडला गेला, तेव्हा दादरच्या खोलीत त्याचं नुकतंच रंगवलेलं चित्र भिंतीला टेकून उभं होतं. शिवडीची खाडी, ओहोटी आणि चिखलावरचं सकाळचं ऊन. ते ऊन त्यानं चपट्या सुरीनं थापलं होतं. पिवळा, त्यावर गुलाबी, त्यावर पांढरा, भाकरीवर लोणी थापावं तसं जाड. खिडकीतला उजेड त्या उंचवट्यांवर पडला की चिखल खरोखर चमकायचा. कारकुनी करणाऱ्या माणसाला जन्मात एकदाच असं काही साधतं हो! तुरुंगात बाकीचे भाषणं आठवत, हा बापडा ते ऊन आठवत बसे.

सुटून आला तेव्हा बायकोनं, कालिंदीनं, त्याला ओवाळलं आणि हाताला धरून भिंतीपुढं उभं केलं. चित्र चौकटीत होतं, वर काच. घरातले दत्तगुरू काचेत, सासऱ्यांचा फोटो काचेत, मग नवऱ्याचंच चित्र उघडं कसं ठेवायचं?

"धूळ बसत होती. फ्रेमवाल्याला बजावलं, काच घट्ट बसव."

त्यानं बसवली होती. तैलरंगाचा जाड थर आतून कितीतरी महिने ओला राहतो, हे तिला कोण सांगणार? सगळे उंचवटे चेपून सपाट झाले होते. चिखल आता नुसता चिखल होता.

"कसं दिसतंय?"

"छान," हेरंब म्हणाला. तिचा चेहरा इतका फुलला होता, की दुसरं काही बोलवेना.

पण त्यानंतर तो भिंतीकडे पाठ करूनच जेवायला बसू लागला. कालिंदीच्या ते नजरेतून सुटतंय थोडंच!

"काच चमकते, म्हणून बघत नाही ना? थांबा, काढतेच."

तो "अगं, नको" म्हणेपर्यंत तिनं मागचे खिळे उपसलेसुद्धा. काच उचलली, तर अर्धं ऊन काचेलाच चिकटून आलं. खाली उघडं कापड.

कालिंदीनं काचेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"आल्या आल्या कळलं. पण तू एवढ्या हौसेनं..."

"हौस गेली चुलीत!" ती कडाडली. "सरकारपुढं छाती काढून ओरडलात, लाठ्या खाल्ल्यात, आणि माझ्यापुढं तोंड शिवून बसलात? मी काय सरकारपेक्षा वाईट आहे?"

हेरंब मटकन खाली बसला. "माझं ऊन गेलं गं," एवढंच म्हणाला आणि हमसून हमसून रडला.

कालिंदी काच बाजूला ठेवून त्याच्याशेजारी बसली. तिचेही डोळे भरले होते.

"हं," ती म्हणाली, "आता मला शिव्या द्या बघू."