किटली पुरायची कुणी?

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे, पण माझ्यातून आजवर कुणी घोटभर कॉफी प्यालेलं नाही. माझी उंची दोन मजले आहे. सौदीतल्या राबिघच्या अलीकडे, समुद्राकाठच्या एका गावात चौकाच्या मधोमध मी उभी होते. मला घडवलं जलालभाईंनी. ते दाभोळचे, फायबरच्या होड्या बांधणारे. कफीलने, म्हणजे ज्याच्या व्हिसावर ते आले त्या मालकाने विचारलं, किटली जमेल का? नोकरी नवी होती, म्हणून जमली. माझं पोट होडीसारखं दिसतं ते त्यामुळेच.

ते दिवस मानाचे होते. लग्नाच्या गाड्या मला फेऱ्या घालत. नवीन आलेली माणसं माझ्यासोबत फोटो काढून घरी पाठवत. मग चौकात सिग्नल आला आणि मला उचलून नगरपालिकेच्या आवारात आडवं टाकलं. आडव्या किटलीला कुणी किटली म्हणत नाही. 'ते तिकडचं' म्हणतात.

फायबर वितळत नाही, त्यामुळे भंगारवाले माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत. उरला कचराडेपोचा खड्डा. पण त्याच वर्षी नवा नियम आला. प्रत्येक गावाने ठरल्याइतकाच कचरा पुरायचा. कमी पुरला, तर उरलेला हक्क शेजारच्या गावाला विकायचा. हे व्यवहार नाशिकचे इंजिनिअर श्रीकांत बघायचे. त्यांनी आमच्या गावाचा उरलेला हक्क शेजारगावचा कारभार बघणाऱ्या फहादसाहेबांना विकून टाकला, आणि मग त्यांना मी दिसले. वर्षअखेरच्या तपासणीआधी आवार रिकामं करायचं होतं.

श्रीकांत बराच वेळ माझ्याभोवती हिंडले.

"जलालभाई, हिला भेट देऊन टाकू."

"कुणाला?"

"फहादसाहेबांना. पुरायचा हक्क त्यांच्याकडे गेलाय, मग पुरायची वस्तूही जाऊ दे."

इथे भेट नाकारत नाहीत. मला रिबन बांधून ट्रेलरवर चढवलं. इतकी वर्षं एका जागी काढलेली मी, आनंदाने शिट्टी वाजवू लागले. म्हणजे वारा चोचीत शिरत होता. आपल्याला पुरायला नेताहेत, हे अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं.

फहादसाहेबांनी छातीवर हात ठेवून माझं स्वागत केलं, खजूर वाटले, आणि आठवड्याने मला परत पाठवलं. इतकी सुंदर वस्तू तिच्या गावापासून तोडणं त्यांच्या मनाला पटेना म्हणे. शिवाय भेटीची परतफेड मोठ्या भेटीने करायची इथली रीत. माझ्या शेजारी ट्रेलरवर फायबरचा एक हामूर मासा होता. शेपटी तुटलेली, तरी माझ्याहून लांब.

श्रीकांत त्या माशाच्या डोक्यावर जाऊन बसले. नवं वर्ष लागलं की नवा हक्क मिळेल, तोवर किटलीचे तुकडे करून ताडपत्रीखाली ठेवू, पहिला खड्डा हिचाच, असं त्यांनी सांगितलं आणि करवत मागवली.

जलालभाई करवत घेऊन आले, पण सुरू करेनात.

"साहेब, आमच्याकडे होडी जुनी झाली तरी पुरत नाहीत."

"मग काय करता?"

"उलटी करून खाली बसतो. सावली पडते."

श्रीकांत माशावरून उठले. माझ्या पोटावर बोटाने टकटक केली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "ज्यात माणसं बसतात, तो कचरा नाही. जलालभाई, दार किती रुंद ठेवायचं?"

करवत चालली तेव्हा मी जीव मुठीत धरला होता. मला मूठ नाही, पण धरला होता. दार झालं, मग खिडकी. आता मी आवाराच्या फाटकाशी पुन्हा उभी आहे. तपासनीस आले, आत बसले, गार वाटतं म्हणाले. दुपारी ट्रकवाले माझ्या पोटात पाय पसरतात आणि चहा उकळतात. कॉफीच्या किटलीत चहा! हे माझ्या घराण्यात कुणाला कळू देऊ नका. हामूर मात्र रिबन बांधून तिसऱ्या गावाच्या वाटेला लागला आहे.

तरी मला स्वस्थता नाही. रिकामा ट्रेलर आत शिरला की माझं झाकण थरथरतं. मित्रांनो, तुम्ही वस्तू 'टाकून दिली' म्हणता, पण टाकलेली वस्तू कुठेतरी जाऊन पडतेच, आणि तिथे आधीच कुणाचं तरी गाव असतं. म्हणून टाकण्याआधी तिला एकदा विचारा, बाई, आत जागा आहे का?